खिडकीची नक्कल

‘फिशिंग’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत इंटरनेटची खाती चोरणाऱ्या टोळक्यांमध्ये रूढ झाला आणि मासे धरण्याच्या इंग्रजी शब्दातील एका अक्षराचा वेष पालटून तो घडवला गेला. एखाद्या विश्वासाच्या संस्थेचे, म्हणजे बँकेचे, वीज कंपनीचे किंवा सरकारी खात्याचे सोंग घेऊन माणसाची गुपिते त्याच्याच हाताने काढून घेणे, हा त्याचा अर्थ होय. गोंदिया जिल्ह्यात हा अर्थ समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांच्या या मुलखात मासेमारी हा अनेक घरांचा पिढीजात धंदा आहे, आणि कोणत्या तलावात कोणता मासा कोणत्या वेळी काय खायला वर येतो हे कळण्यात खरे कसब असते, गळ काय तो बाजारात विकतही मिळतो, हे तिथल्या ढिवरांना कुणी शिकवावे लागत नाही. बनावट संकेतस्थळ हाही असाच बाजारात मिळणारा गळ आहे. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल तासाभरात उभी करून देणारी तयार साधने आज पैसे मोजून मिळतात. फसवणाऱ्याचे कसब समोरचा माणूस कशाची वाट पाहत आहे हे ओळखण्यात असते.

पुढील निरीक्षणे गोंदियातील बँक शाखेच्या खिडकीमागे बसून अनेक वर्षे ग्राहकसेवा केल्यानंतर जमलेली आहेत, आणि ती मांडताना तंत्राइतकेच महत्त्व त्या खिडकीला द्यावे लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात बँकेत येणारा ग्राहक एकाच साच्याचा नसतो. राईस मिलचा मालक, सालेकसा-देवरीकडचा तेंदूपत्ता तोडणारा मजूर, बिडी वळणारी बाई, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि बालाघाट किंवा राजनांदगावकडून सोयरिकीने आलेली सून असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. या रांगेतल्या माणसांना बनावट पान ओळखता येत नाही याचे कारण त्यांचे अज्ञान, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव वेगळे सांगतो. नकली संकेतस्थळ नक्कल करते ती वरवर पाहता बँकेच्या पानाची, परंतु खऱ्या अर्थाने ती नक्कल असते बँकेच्या खिडकीची. आणि खिडकीने जे मागितले ते निमूटपणे देण्याची सवय या माणसांना खुद्द बँकांनी, सेवा केंद्रांनी आणि सरकारी कार्यालयांनी वर्षानुवर्षे लावलेली आहे.

ही सवय किती खोल आहे ते ‘आपले सरकार’ सेवा केंद्रावर अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. टेबलावर आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा असतो, संगणकासमोरचा मुलगा मान वर न करता क्रमांक टंकतो, आणि मग एकच वाक्य दिवसभरात शंभरदा ऐकू येते, “ओटीपी सांगा.” ओटीपी म्हणजे एका व्यवहारापुरता, काही मिनिटेच चालणारा आणि नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा, खातेदार स्वतःच व्यवहार करीत आहे याची ती खूण मानली जाते. समोरची बाई पदराच्या गाठीतून किंवा ब्लाउजमधून साधा फोन काढते, त्यावरचा संदेश स्वतः वाचण्याऐवजी फोनच काचेच्या फटीतून आत सरकवते, आणि मुलगा सहा आकडे पाहून फोन परत देतो. यात कुणाचा काहीही वाईट हेतू नसतो. तसे केल्याखेरीज तिचे काम होतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारच्या आधारे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईचाच नव्हे तर तिच्या पतीचा किंवा वडिलांचाही ओटीपी लागत होता, आणि गावोगावच्या केंद्रांवर दोन-दोन फोन हातात धरून बायका उभ्या होत्या. ज्या भिंतीला टेकून त्या उभ्या होत्या त्याच भिंतीवर ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असा कागद चिकटवलेला असे. एकाच जागी एक गोष्ट लिहिलेली आणि तिच्या नेमकी उलट गोष्ट मागितली जात असेल तर माणूस लिहिलेले विसरतो आणि मागितलेले देतो, यात नवल काही नाही. म्हणून फोनवरून “बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा” असे कुणी म्हणते तेव्हा त्या बाईला काही वेगळे घडत असल्याची शंका येत नाही. तिच्या दृष्टीने खिडकी तेवढी बदललेली असते.

बँकेच्या शाखाही यातून सुटत नाहीत. मोबाइल बँकिंग सुरू करून देताना ग्राहकाचा फोन स्वतःच्या हातात घेऊन, त्याच्या वतीने पिन ठरवून, तोच पिन पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून देणारे हात खिडकीमागचेच असतात, आणि गर्दीच्या दिवशी ते सोयीचे म्हणून केले जाते. त्या पेन्सिलीच्या चार आकड्यांचा विचार पुढे कधीतरी, ग्राहक फसल्यावर, फार उशिरा मनात येतो.

वाट पाहण्याचे जे ऋतू या जिल्ह्यात आहेत त्यांची माहिती फसवणाऱ्यांना असावी, असे संदेशांच्या वेळांवरून वाटत राहते. दिवाळीच्या मागेपुढे धान निघते, आधारभूत खरेदी केंद्रावर काटा होतो आणि त्यानंतर चुकाऱ्यांची वाट पाहणे सुरू होते. चुकारे म्हणजे विकलेल्या धानाची रक्कम, जी आता हातात न पडता थेट खात्यात जमा होते. मग बोनसची वाट, पीएम किसानच्या वर्षाला सहा हजार रुपयांपैकी दोन हजारांच्या हप्त्याची वाट, लाडक्या बहिणीच्या दीड हजाराची वाट आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीची वाट. या काळात शाखेत गर्दी होते ती पैसे काढायला कमी आणि पासबुकात एन्ट्री मारून घ्यायला जास्त, यंत्रातून पासबुक बाहेर आले की शेवटच्या ओळीवर बोट ठेवून “आले का हो?” असे विचारले जाते, आणि नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, “केवायसीमुळं अडकले काय?” हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पैसे अडकण्याचे कारण केवायसी असते हे ग्राहकाला अनुभवाने ठाऊक झालेले असते, कारण ते अनेकदा खरोखरच असते. त्यामुळे ‘आपली केवायसी अपूर्ण असल्याने हप्ता थांबवण्यात आला आहे, खालील लिंकवर माहिती भरा’ असा संदेश येतो तेव्हा तो खोटा वाटण्याऐवजी, बऱ्याच दिवसांपासून मनात असलेल्या शंकेचे उत्तर वाटतो. लिंक म्हणजे ज्यावर बोट टेकले असता एखादे संकेतस्थळ उघडते ती ओळ. आणि त्या ओळीत लपलेला पत्ता कुठला आहे हे वाचण्याची त्या क्षणी कुणाला गरज वाटत नाही.

वीज तोडण्याचा संदेश याच जातीचा, मात्र आशेऐवजी धाक दाखवणारा. मागील महिन्याचे बिल नोंदले गेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल, अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधा, अशा मजकुराचा संदेश महाराष्ट्रभर लाखो फोनांवर फिरला आणि महावितरणला त्याविरुद्ध वारंवार खुलासे करावे लागले. वेळेची निवड पाहण्याजोगी आहे. रात्री साडेनऊला कोणतेही वीज कार्यालय उघडे नसते, शाखा बंद झालेली असते, सेवा केंद्राचे शटर खाली असते आणि खरे-खोटे विचारावे असा माणूस जवळ नसतो. संदेशातल्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस हिंदीत, पण अतिशय अदबीने, ‘रेकॉर्ड अपडेट’ करण्यासाठी केवळ दहा रुपये भरायला सांगतो आणि एक पान उघडून देतो. दहा रुपयांची मागणी हा या साऱ्या रचनेतला सर्वांत हुशारीचा भाग होय. दहा रुपये मागणारा चोर असेल असे कुणाच्या मनात येत नाही, आणि दहा रुपये भरण्यासाठीही कार्डाचा सोळा आकडी क्रमांक, त्याची मुदत, मागचे तीन आकडे आणि ओटीपी तेवढेच द्यावे लागतात जेवढे दहा हजारांसाठी. सकाळी शाखा उघडताना दाराशी उभा असलेला माणूस दहा रुपयांची तक्रार घेऊन येत नाही.

बनावट पान ओळखावे कसे, याविषयी खिडकीवर जे सांगितले जाते त्यातले बरेच आता निकामी झाले आहे, ही गोष्ट मान्य करावी लागते. पानावरील भाषा अशुद्ध असेल, बोधचिन्ह धूसर असेल, तर ते पान खोटे समजावे, असे पूर्वी सांगितले जाई. एकेकाळी ते खरेही होते, कारण ‘प्रिय मूल्यवान ग्राहक’ असली ओढूनताणून आणलेली मराठी लिहिणारा माणूस बँकेतला नाही हे शाळकरी पोरालाही कळे. आता यंत्राकडून हवी तशी स्वच्छ मराठी लिहून मिळते, आणि खऱ्या बँकांच्या संदेशांची मराठी मात्र होती तिथेच आहे, त्यामुळे भाषेवरून पारख केली तर कधी कधी खरा संदेशच खोटा ठरायचा. कुलपाच्या चिन्हाचेही तेच झाले. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या त्या लहानशा कुलपाचा अर्थ एवढाच की फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. ते संकेतस्थळ कुणाचे आहे याची ग्वाही कुलूप देत नाही, आणि त्यामागचे प्रमाणपत्र गेली दहा वर्षे कुणालाही फुकट मिळते. चोराच्या घरालाही कडीकुलूप असतेच. गुगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून सप्टेंबर २०२३ मध्ये हे चिन्ह काढून टाकले ते याच गैरसमजामुळे, तरीही ‘कुलूप दिसले म्हणजे सुरक्षित’ हा धडा अनेक माहितीपत्रकांत अजून छापला जातो. आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहावा आणि तो स्वीकारला गेला तर पान खोटे समजावे, ही युक्तीही तरुण ग्राहक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. परंतु आजची नकली पाने टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेकडे पाठवून पाहतात, चुकला तर चुकला म्हणतात, आणि बरोबर असेल तर ओटीपीही लगोलग मागून घेतात, त्यामुळे या युक्तीचा भरवसा उरलेला नाही.

उरतो तो पत्ता. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीत रोमन लिपीत दिसणारी ओळ, वाचण्याची रीत बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते, आणि ती सांगण्यासाठी टपालाच्या पत्त्याइतका चांगला दाखला दुसरा नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा या क्रमाने लिहिलेल्या पत्त्यात पत्र कुठे जाणार हे शेवटून ठरत जाते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. आमगावच्या बाजारात एखाद्या दुकानावर ‘मुंबई टेलर्स’ अशी पाटी असली म्हणून ते दुकान मुंबईत नसते, आणि पाटीवर काय लिहावे हे दुकानदाराच्या मर्जीवर असते, परंतु आपले दुकान कोणत्या तालुक्यात आहे हे मात्र त्याच्या मर्जीवर नसते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही, सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ला लागून असलेल्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबून, तिच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे, टिंबा-टिंबाने वाचावा लागतो; अगदी शेवटचे दोन-तीन तुकडे हे त्या पत्त्याचे जिल्हा आणि तालुका, त्यांनाच डोमेन म्हणतात, आणि त्यांच्याआधी डावीकडे जे काही लिहिलेले असेल ती नुसती पाटी. एखाद्या पत्त्याच्या सुरुवातीला नामांकित बँकेचे नाव, मग ‘केवायसी’, मग ‘महाराष्ट्र’ असे सगळे ओळखीचे शब्द ओळीने आले आणि शेवटी मात्र ‘ऑनलाइन-अपडेट डॉट टॉप’ असे काही निघाले, तर ते पान त्या शेवटच्या नावाच्या मालकाचे असते. सुरुवातीचे शब्द त्याने आपल्या पाटीवर रंगवून घेतलेले असतात. दुर्दैवाने मोबाइलचा पडदा अरुंद असल्यामुळे लांब पत्त्याचा एकच तुकडा दिसतो, आणि फसवणारा पत्ता मुद्दाम लांब करतो तो याच हिशेबाने.

या रीतीने पाहता दोन शेपट्या विशेष विश्वासाच्या ठरतात. ‘जीओव्ही डॉट इन’ ही शेपटी सरकारी खात्यांखेरीज कुणाला मिळत नाही. आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना जिच्याकडे वळायला लावले ती ‘डॉट बँक डॉट इन’ ही शेपटी हैदराबादच्या इन्स्टिट्यूट फॉर डेव्हलपमेंट अँड रिसर्च इन बँकिंग टेक्नॉलॉजी या एकाच संस्थेकडून, फक्त बँकांनाच दिली जाते. इथे एका टिंबाचे महत्त्व ग्राहकाच्या नजरेला आणून देण्यात खिडकीवरचा बराच वेळ जातो. ‘अमुक डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता बँकेखेरीज कुणाचा असू शकत नाही, परंतु ‘अमुकबँक डॉट इन’, म्हणजे अमुक आणि बँक यांच्यामधले टिंब गळालेला पत्ता, कुणीही काही शे रुपयांत आपल्या नावावर करून घेऊ शकतो. दोन्ही कागदावर एकाखाली एक लिहून दाखवले तरी पुष्कळांना त्यात फरक दिसायला क्षणभर लागतो, आणि दिसला की मात्र तो कायमचा दिसतो. रोमन अक्षरांच्या सारखेपणाचा खेळ याहून अवघड. ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे शेजारी आली की लहान पडद्यावर ‘एम’ भासतात, ‘एल’ आणि एकचा आकडा एकमेकांची जागा घेतात, आणि रशियन लिपीतला ‘अ’ तर रोमन ‘ए’ पासून डोळ्यांनी वेगळा करताच येत नाही. ज्या माणसाने रोमन लिपी मोबाइलच्या बटणांपुरतीच शिकली त्याने हे भेद ओळखावेत ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याच्यासाठी पान ओळखण्याहून त्या पानापर्यंत आपण आलो कसे हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो. संदेशातल्या लिंकवरून आलेले पान, मग ते कितीही खरे दिसो, बंद करावे आणि त्याच संस्थेच्या पानावर, पूर्वी जपून ठेवलेल्या पत्त्याने किंवा फोनमधल्या अधिकृत ॲपमधून, स्वतःच्या पायांनी जावे, एवढी एक रीत पाळली तर अक्षरे ओळखण्याची वेळच येत नाही. पासवर्ड जपून ठेवणारी जी सोय फोनमध्येच असते तीही इथे कामी येते, कारण माणसाचे डोळे फसले तरी ती सोय पत्ता अक्षरशः जुळल्याखेरीज पासवर्ड भरत नाही.

स्वतःच्या पायांनी जाणाऱ्याचीही वाट चुकवली जाते, हे मात्र सांगायला हवे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली तेव्हा लोकांनी गुगलवर शोध घेऊन नोंदणी करायला सुरुवात केली, आणि त्या शोधात खऱ्या पानांच्या बरोबरीने नकली पानेही वर येत होती. बँकेच्या ग्राहक सेवेचा क्रमांक गुगलवर शोधणाऱ्यांची गत याहून वाईट होते, कारण शोधात सर्वांत वर दिसते ते पुष्कळदा पैसे भरून लावलेले असते. क्रमांक पाहायचा तर तो कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. परंतु कार्ड घरी टिनच्या पेटीत आणि पासबुक पिशवीच्या तळाशी, असा एकंदर प्रकार असतो. गेल्या काही वर्षांत तर पानाचीही गरज उरलेली नाही. वाहतूक दंडाची पावती, लग्नपत्रिका किंवा पीएम किसानची यादी या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये बसवणारी फाइल, येते. ती बसवली की फोनवर येणारे सारे संदेश, ओटीपीसकट, परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात आणि मालकाला काही विचारले जात नाही.

बचावाचे जे उपाय खरोखर चालतात ते बहुधा कंटाळवाणे असतात. ज्या खात्यात चुकारे जमा होतात त्याला यूपीआय न जोडता, बाजारहाटासाठी दोन-चार हजारांचे वेगळे खाते ठेवणे. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार एरवी बंद ठेवणे, ज्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना सक्तीची केली आहे. आधारचे बोटांचे ठसे लॉक करणे. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असणे. या यादीत जोडावी अशी एक बाब माहितीपत्रकांत सापडत नाही आणि गोंदियाच्या खिडकीवर मात्र रोज भेटते. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो, मुलगा कामाला पुण्याला किंवा हैदराबादला असतो, आणि आईच्या खात्यातून पैसे कटल्याचा संदेश त्याच्या फोनवर कंपनीच्या पाळीत, खिशात, न वाचलेला पडून राहतो. कधी तो क्रमांकच रिचार्जअभावी बंद होऊन पुढे तिसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेला असतो. क्रमांक बदलण्याचा अर्ज एका पानाचा आहे. तो भरायला ती आई येते तेव्हा बहुधा पैसे गेलेले असतात.

फसलेला माणूस खिडकीशी कसा येतो, हे पाहिल्यावर त्याच्या अज्ञानाची चर्चा करण्याचा हुरूप राहत नाही. तो रांग मोडत नाही. त्याचा क्रमांक आल्यावर तो पासबुक पुढे करतो, एन्ट्री मारायला सांगतो, आणि यंत्र खडखडत असताना, जणू दुसऱ्या कुणाविषयी विचारावे तसे, “पैसे कटले तर वापस येतात काय?” असे विचारतो. शिकलेली माणसे तर अधिक उशिरा येतात. निवृत्त शिक्षक आठ-आठ दिवस घरात कुणाला सांगत नाहीत. या लाजेची किंमत नियमांच्या भाषेत मोजता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, बँक आणि ग्राहक दोघांचाही दोष नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीच भार पडू नये, चार ते सात दिवसांत दिली तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपयांपर्यंतच पडावा, अशी तरतूद केली. परंतु ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर तो त्याचा हलगर्जीपणा धरला जातो आणि खबर देईपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या माथी बसते. आणि फिशिंगमध्ये तर ओटीपी ग्राहकानेच दिलेला असतो. ज्या व्यवस्थेने त्याला रोज ओटीपी द्यायला शिकवले तिच्याच नियमात एका दिवशी दिलेला ओटीपी हा त्याचा गुन्हा ठरतो, ही विसंगती अर्जावर शिक्का मारणाऱ्या हाताला जाणवल्याशिवाय राहत नाही.

म्हणून नियम सांगत बसण्याआधी १९३० हा क्रमांक फिरवायला लावणे, हे खिडकीमागच्या माणसाचे पहिले काम ठरते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या या मदतक्रमांकावर, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर, तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तिथेच असेल तर ती रोखून धरली जाते; मात्र फसवणारा ती एका खात्यात ठेवतच नाही, तासाभरात चार खात्यांतून फिरवून कुठल्या तरी एटीएममधून काढतो, त्यामुळे पहिला तास हातचा गेला तर मागे उरते ती धावाधाव. त्या फोनवर बोलताना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारला जातो, आणि घाबरलेल्या माणसाला तो फोनमध्ये कुठे असतो हे सापडत नाही. तो काढून देणे, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिणे आणि बोलणे संपेपर्यंत शेजारी उभे राहणे, यात रांग खोळंबते आणि रांगेतली माणसे कुरकुरतात. रोखलेले पैसे परत मिळण्यासाठीही पुढे न्यायालयाचा आदेश लागू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड ही कलमे, अनुक्रमे दुसऱ्याची डिजिटल ओळख चोरण्यासाठी आणि संगणकाच्या आधाराने तोतयेगिरी करण्यासाठी, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगतात. गुन्हेगार सापडला तर.

गुन्हेगार दूरच्या कुठल्या झारखंडातला, असे समजण्याची रीत आहे आणि ती पुरती खरी नाही. जुलै २०२३ मध्ये बनावट ऑनलाइन गेमिंग ॲपमधून सुमारे ५८ कोटी रुपयांना फसवले गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली, तेव्हा नागपूर पोलिसांनी छापा घातला तो गोंदिया शहरातल्या एका घरावर, आणि कोट्यवधींची रोकड व सोने तिथून जप्त झाले. त्याहून लहान, पण खिडकीला अधिक जवळचा प्रकार म्हणजे भाड्याची खाती. महाविद्यालयात शिकणारा किंवा शिकून रिकामा बसलेला मुलगा काही हजारांच्या बदल्यात आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाच्या तरी हवाली करतो, त्याच्या खात्यातून कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या फसवणुकीचे पैसे वाहून जातात, आणि एक दिवस खाते गोठवल्यावर तो त्याच रांगेत उभा राहतो. “माझं खातं होल्ड कायले केलं?” हा त्याचा प्रश्न आणि “माझे पैसे कुठे गेले?” हा पुढच्या बाईचा प्रश्न, दोन्ही एकाच सकाळी एकाच काचेवर आदळतात, आणि दोघांनाही एकच छापील अर्ज दिला जातो.

शाखेत अलीकडे एक लहानशी गोष्ट सुरू झाली आहे. पासबुकाच्या शेवटच्या पानावर, जिथे पूर्वी पेन्सिलीने पिन लिहिला जाई, तिथे आता शाईने तीन ओळी लिहून दिल्या जातात. बँकेचा खरा पत्ता, त्यातले बँकेच्या नावानंतरचे टिंब लाल पेनाने ठळक केलेले, त्याखाली कार्डामागचा ग्राहक सेवेचा क्रमांक, आणि त्याखाली १९३०. देवरीकडची एक बिडी कामगार बाई परवा ते पान उघडून बराच वेळ पाहत होती; मग तिने लाल टिंबावर बोट ठेवले, ते घासून जाते का पाहिले, आणि मोबाइल आत सरकवण्याऐवजी स्वतःच डोळ्यांजवळ धरून ओटीपीचे आकडे एकेक करून, दबक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने तिला मध्येच थांबवले आणि काचेच्या फटीतून कीपॅड बाहेर दिला.